मामांची मुलाखत, संपाचं पत्रक आणि माझाच जुना निबंध

एमएला १९८२च्या गिरणी संपावर लिहिताना माझ्याकडचं सर्वांत मोलाचं साहित्य कुठल्याच पुस्तकात नव्हतं: लालबागच्या मामांशी झालेलं बोलणं, त्यांच्या ट्रंकेतलं युनियनचं पत्रक आणि टीवायला मीच लिहिलेला निबंध. विभागाला संदर्भ देण्याची एपीए पद्धत हवी होती.

मामांचं बोलणं वाचकाला कुठे जाऊन तपासता येत नाही. म्हणून एपीएच्या सातव्या आवृत्तीनुसार ते संदर्भसूचीत जातच नाही. मजकुरातच कंसात नाव, ‘वैयक्तिक संवाद’ आणि पूर्ण तारीख द्यायची. (एमएलए या दुसऱ्या संदर्भपद्धतीत मात्र मुलाखत सूचीत येते, तेव्हा पद्धत आधी विचारून घ्या.) मला हे फार खटकलं. ज्यांनी रात्रपाळ्या केल्या, त्यांचंच नाव सूचीत नाही? मग मामांची परवानगी घेऊन, मुलाखत कुठे आणि कशी झाली ते प्रस्तावनेत सविस्तर लिहिलं.

पत्रक सोपं निघालं: लेखक म्हणून युनियन, मग वर्ष, मथळा आणि चौकटी कंसात ‘पत्रक’.

निबंध आपला असला तरी न सांगता पुन्हा वापरणं हे स्ववाङ्मयचौर्यच. ‘अप्रकाशित’ अशी नोंद करून माझंच नाव आणि वर्ष दिलं, मॅडमनाही आधीच विचारलं. त्या म्हणाल्या, "जुनं कुठलं नि नवं कुठलं, हे वाचताना कळू दे."