इंग्लंडातल्या स्विंडनहून आलेल्या भाच्याला माटोळी कशी शिकवावी

माटोळी म्हणजे गोव्यात गणपतीच्या वर टांगतात ती फळं, रानफळं बांधलेली लाकडी चौकट. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दोन दिवस आधी त्याला फोंड्याच्या बाजारात न्या. संस्कृतीवर भाषण नको, हातात पिशवी द्या. नारळ, सुपारी, चिबूड तो ओळखेल. कांगलां, घागऱ्यो मात्र रानातली, ती विकणाऱ्या मावशीलाच विचारू दे, कोंकणीत. ती हसेल. हसू दे.

घरी केवणीच्या सालीचा दोर भिजवून घ्या. जड नारळ आधी बांधायचे, गणपतीच्या डोक्यावर नको!

पोर्तुगीज पासपोर्टचा विषय निघेलच. आजोबा 1961 पूर्वीच्या, पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात जन्मले म्हणून त्या पासपोर्टची वाट मिळाली, पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. हे सरळ सांगा, टोमणा मारू नका. (मी मारला होता. तो तासभर बोलला नाही.)

गाठ सुटली तर त्यालाच बांधायला लावा. आमच्याने कानात हेडफोन घालूनच बांधली. नारळ विसर्जनापर्यंत हलला नाही.