टॅपेट सेट करूनही टकटक परत येते? या चुका टाळा

माझ्या मामाच्या 100 सीसी मोटरसायकलचे टॅपेट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह दाबणारे स्क्रू, महिन्याभरात तीनदा सेट झाले. दर वेळी चार-आठ दिवस बरे जायचे, मग पुन्हा तीच टकटक. तिसऱ्या वेळी मेकॅनिकने स्क्रू असा आवळला की आवाज पार बंद झाला. मामा खूश. पुढे दोन महिन्यांत गाडी सकाळी किक मारून मारून घाम काढू लागली. हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला. स्क्रूचं टोक आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यात गॅप राहिला नाही की व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, नीट बसत नाही आणि त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही. आवाज मारण्यासाठी टॅपेट आवळू नका, ही कळकळीची विनंती.

त्या तिन्ही वेळी आणखी एक गोष्ट राहून गेली. टोपण उघडल्यावर आधीचा गॅप किती आहे, हे कुणीच मोजलं नाही. माझ्या मते खरी चूक तीच. लॉकनटला (स्क्रू जागेवर धरणाऱ्या नटला) पाना लावण्याआधी फिलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पाती) घाला आणि आलेलं माप वहीत लिहा. गॅप मागच्या वेळेइतकाच असेल तर टॅपेट बहुधा निर्दोष आहे, आवाज दुसरीकडून येतोय (स्क्रूच्या टोकाला खड्डा पडला असेल तर गोष्ट वेगळी, ते पुढे). गॅप वाढला असेल तर मात्र थांबून विचार करा. गाडी चालेल तसा व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू बसत जातो, म्हणून गॅप सहसा कमी होतो. तो आठ दिवसांत वाढला, तर एक तर स्क्रू सरकला, नाही तर काहीतरी झिजतंय.

स्क्रू सरकतो तो बहुतेकदा लॉकनट आवळताना. स्क्रू चावीने धरून ठेवा, नट आवळा आणि मग पुन्हा पाती घालून बघा. हिरो होंडा सीडी 100 च्या घराण्यातल्या जुन्या इंजिनांचा गॅप 0.05 मिमी, म्हणजे साध्या झेरॉक्स कागदाच्या जाडीच्या जेमतेम निम्मा. (तुमच्या गाडीचं माप तिच्याच मॅन्युअलमधून घ्या.) आट्यांचा पिच (एका फेऱ्यात स्क्रू सरकतो ते अंतर) अर्धा मिलिमीटर धरला, तर फेऱ्याचा दहावा भाग फिरला तरी 0.05 चा फरक पडतो.

आता झीज. स्क्रूचं टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर वर्षानुवर्षं आपटून स्क्रूच्या टोकाला बारीक खड्डा पडतो. सपाट पाती त्या खड्ड्यावर पुलासारखी आडवी बसते. गेज 0.05 दाखवतं, पण दांड्याचं टोक खड्ड्यात शिरतं आणि खरा गॅप त्याहून मोठाच असतो. अशी गाडी कितीही वेळा सेट करा, वाजणारच. स्क्रू काढून टोक उजेडात धरा, नखाला खड्डा लागला तर स्क्रू बदला. तो फार महाग नसतो. रॉकरचा (टॅपेटचा स्क्रू ज्यात बसतो त्या दांडीचा) कॅमवर (तिला ढकलणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर) घासणारा भागही बघा. तिथे चरे असतील तर रॉकर आणि कॅम दोन्ही बदलावे लागतात, कारण झिजलेला कॅम नवा रॉकर खातो. आणि तेल वर का पोचलं नाही, याचा शोध घेतल्याशिवाय हेड बंद करू नका: तेलाची पातळी, खालची जाळी, क्लचच्या बाजूचं फिरतं फिल्टर.

सेट केल्यावर लगेचच आवाज वाढला, तर मॅग्नेटच्या फिरत्या चाकावरची ‘टी’ खूण आठवा, जी जुळवून गॅप सेट करतात. कॅमच्या एका फेऱ्यात ती दोनदा समोर येते. एकदा कॉम्प्रेशनवर (पिस्टन मिश्रण दाबत वर आलेला असताना), तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. दुसऱ्यांदा दोन्ही किंचित उघडे असतात. त्या दुसऱ्या वेळी पाती घालण्यासाठी स्क्रू सैल केला, की व्हॉल्व्ह बंद झाल्यावर गॅप भलताच मोठा होतो. खूण जुळल्यावर दोन्ही रॉकर बोटाने हलवा. दोन्ही जरासे हलले तरच पुढे जा.

इंजिन थंडच हवं. होंडाच्या मॅन्युअलमध्ये 35 अंश सेल्सिअसच्या खाली असं लिहिलेलं असतं. विदर्भात मे महिन्यात दुपारी उभ्या गाडीचं इंजिनही त्याहून गरम असतं, म्हणून हे काम पहाटे उरका.

गॅप बरोबर आणि तरीही आवाज, तर लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐका. टॅपेटची टकटक हेडच्या टोपणापाशी नेमकी ऐकू येते. सिलिंडरच्या बाजूने, चेन जाते तिथे, खरखर येत असेल तर टायमिंग चेन (कॅम फिरवणारी चेन), तिला ताणून धरणारा टेन्शनर आणि रबरी रोलर बघा. आणखी एक फसवणारा आवाज म्हणजे सायलेन्सरचा बेंड हेडला जिथे बसतो तिथली गळती. थंड इंजिनला टकटक, गरम झालं की कमी. त्या जोडाभोवती काजळी दिसली तर तिथलं गास्केट बदला, आणि टॅपेटला हात लावू नका.