पिस्तूल अडकलं? आधी मॅगझिन बघा

२५ मीटर स्पोर्ट पिस्तूल या नेमबाजी प्रकाराच्या रॅपिड टप्प्यात एका गोळीला ३ सेकंद मिळतात आणि मालिका पाच गोळ्यांची असते. मध्येच राउंड (काडतूस) अडकला की नवी मुलं पिस्तुलाच्या नावाने खडे फोडतात. दोष बहुतेक वेळा मॅगझिनचा, म्हणजे काडतुसं भरायच्या डबीचा, त्याहून जास्त ते भरण्याचा असतो.

या पिस्तुलातल्या .२२ एलआर (लाँग रायफल) काडतुसाच्या बुडाची कडा बाहेर आलेली असते. वरच्या राउंडची कडा खालच्याच्या कडेपुढेच हवी. ती मागे राहिली, तर बोल्ट (मागे-पुढे सरकणारा भाग) राउंड पुढे ढकलतो तेव्हा कडा एकमेकींत अडकतात आणि राउंड जागचा हलत नाही. म्हणून भरताना फॉलोअरचं (राउंड वर ढकलणाऱ्या स्प्रिंगवरच्या पट्टीचं) बटण एका राउंडपुरतंच खाली ओढा. एकदम तळापर्यंत ओढून पाचही आत सोडले की ते सैल पडतात आणि कडांचा क्रम बिघडतो. बाजूच्या खाचेतून एकदा नजर टाका.

सरावात राउंड अडकला तर नळी टार्गेटकडेच ठेवा, बोट ट्रिगरबाहेर, आणि काढण्याआधी तो कसा अडकलाय ते बघा. टोक खाली घुसून रॅम्पला (चेंबरकडे नेणाऱ्या उताराला) टेकलं असेल तर फॉलोअर नीट वर येत नाही, किंवा मॅगझिनचे वरचे ओठ (राउंड धरून ठेवणाऱ्या कडा) वाकलेत. बोल्ट राउंडच्या वरून निघून गेला आणि चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं राहिलं, तर स्प्रिंग मंदावली आहे किंवा आत मेण साचलंय. रिकामी पुंगळी बाहेर पडताना अडकली असेल तर मात्र मॅगझिनला सोडा. एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा), इजेक्टर (ती बाहेर फेकणारा भाग) नाहीतर कमजोर काडतुसं तपासा.

मेण हा .२२ चा कायमचा त्रास. शिशाच्या गोळीला ते बाहेरूनच लावलेलं असतं. मॅगझिन साफ करायला त्याची तळपट्टी सरकवताना स्प्रिंगवर अंगठा दाबून धरा, नाहीतर ती शोधायला अख्खी रेंज झाडावी लागेल. स्प्रिंगची दिशा लक्षात ठेवा. आतून ब्रश फिरवा, कोरड्या फडक्याने पुसा. तेल नको, त्यावर काजळी चिकटते.

मॅगझिन काँक्रीटवर पडलं की ओठ वाकतात. पक्कडीने सरळ करायच्या भानगडीत पडू नका, आर्मररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या. प्रत्येक मॅगझिनवर नंबर टाका. एकाच नंबरवर सारखं अडकत असेल तर ते स्पर्धेला नेऊ नका.

स्पर्धेत अडकलं तर पिस्तूल टार्गेटच्या दिशेने धरून मोकळा हात वर करा. बोल्टला हात लावलात, किंवा मॅगझिन नीट न बसवल्याचं निघालं, तर आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार तो बिघाड ग्राह्य धरत नाहीत.