आई-वडिलांना पहिल्या क्रूझवर नेताना: सांगलीहून निघण्यापूर्वीची तयारी

आई किंवा वडिलांना मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर न्यायचे ठरले, की सफर निवडताना भाड्याच्या आधी त्यांचे गुडघे आणि त्यांची झोप विचारात घ्यावी. पहिल्या खेपेस मुंबई-गोवा ही छोटी सफर मला अधिक योग्य वाटते. लक्षद्वीप अतिशय सुंदर आहे; परंतु तेथे बेटांभोवतीचे पाणी उथळ असल्यामुळे मोठे जहाज दूरवर नांगर टाकते आणि प्रवाशांना हेलकावणाऱ्या लहान बोटीत उतरून किनारा गाठावा लागतो, जे संधिवात असलेल्या व्यक्तीला झेपेलच असे नाही. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून हिवाळ्यातली तारीख घ्यावी.

केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि शक्यतो खालच्या मजल्यावर मागावी, कारण तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. न्हाणीघराचा उंबरा किती उंच आहे आणि आत धरायला दांडी आहे का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारावे. व्हीलचेअर लागणार असेल, तर तेही तेव्हाच कळवावे.

सर्वांत जास्त काळजी औषधांची घ्यावी. बंदरावर मोठ्या बॅगा ताब्यात घेतल्या जातात आणि त्या केबिनमध्ये पोहोचायला काही तास लागू शकतात. म्हणून रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन, चष्मा, डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र हे सारे हातातल्या पिशवीतच असावे. औषधे दोन-तीन दिवस जास्तीची घ्यावीत. बोट लागू नये म्हणून मिळणारी गोळी मात्र दुकानातून परस्पर आणून देऊ नये. अशा अनेक गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, क्वचित भ्रम होतो, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वडिलांची लघवी अडू शकते. नेहमीच्या डॉक्टरांना सर्व चालू औषधे दाखवूनच ती ठरवावी. जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांचे शुल्क वेगळे आकारले जाते; प्रवास विमा घेताना समुद्रावरील उपचार त्यात येतात का, हे वाचून पाहावे.

निघण्याच्या महिनाभर आधीपासून रोज सकाळी सांगलीच्या आमराई उद्यानात त्यांच्यासोबत फेऱ्या माराव्यात, कारण जहाजावरच्या लांबलचक मार्गिकांमधून बरेच चालावे लागते. चप्पल न घसरणारी हवी. थंड वातानुकूलनासाठी एक स्वेटर पुरे.

महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीतून सांगलीहून थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते आणि क्रूझ जेथून सुटते ते बॅलार्ड पिअर तेथून जवळच आहे. तरीही एक दिवस आधी जाऊन मुक्काम करावा. रात्रभराच्या प्रवासाने शिणलेल्या माणसाला थेट तपासणीच्या रांगेत उभे करणे मला योग्य वाटत नाही.

जहाजावर चढल्यावर सुरक्षा कवायत सर्वांना बंधनकारक असते. ती चालू असताना आपले एकत्र येण्याचे ठिकाण आई-वडिलांना प्रत्यक्ष दाखवावे. खोल समुद्रात मोबाइलला रेंज नसते, म्हणून चुकामूक झाल्यास कोठे थांबायचे हे आधीच ठरवावे आणि केबिनचा क्रमांक कागदावर लिहून त्यांच्या खिशात ठेवावा. जेवणापूर्वी हात साबणानेच धुवावेत, कारण जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसा परिणाम करत नाही.

परतीचे जहाज सहसा सकाळी बंदराला लागते आणि महालक्ष्मी रात्री सुटते. मधल्या वेळेत त्यांना आडवे होता यावे, म्हणून स्थानकाजवळ दिवसभरासाठी खोली घेऊन ठेवावी.