व्हॉट, मताटू, गेबेटा: आफ्रिकेत घडलेले मोबाइल गेम कसे खेळायचे

लागोस, कंपाला, अदिस अबाबा किंवा केपटाउनच्या स्टुडिओंनी केलेले गेम पुष्कळ जण उत्सुकतेने उतरवून घेतात आणि दोन डाव हरून काढून टाकतात. गेममध्ये सहसा खोट नसते. यातले बरेच गेम तिथल्या रोजच्या खेळांवर बेतलेले आहेत. ज्यांच्यासाठी ते आधी बनले, त्यांना नियम लहानपणापासून ठाऊक असतात, म्हणून ॲपमध्ये ते थोडक्यात उरकलेले असतात. मूळ खेळ आधी समजून घेतला तर ॲप वापरणे सोपे आहे.

सुरुवात व्हॉटपासून करा. लागोसच्या मालियो गेम्सचा ‘व्हॉट किंग’ हा नायजेरियाच्या घराघरांत खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांचा गेम आहे. हा कॅट मुळात 1930च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झाला, पण आज जो जोमदार खेळ दिसतो तो नायजेरियन नियमांचा.

कॅटमध्ये 54 पाने असतात. गोल 12, त्रिकोण 12, फुली 9, चौकोन 9, चांदणी 7 आणि 20 आकड्याची 5 ‘व्हॉट’ पाने. प्रत्येकाला बहुधा 4 ते 6 पाने वाटतात. उरलेल्या गठ्ठ्याला मार्केट म्हणतात. वरच्या पानाशी आकार किंवा आकडा जुळेल असे पान टाकायचे, नसेल तर मार्केटमधून एक उचलायचे. ज्याचा हात आधी रिकामा होईल तो जिंकला.

खरी गंमत खास पानांत आहे:

1 – होल्ड ऑन. बाकीचे थांबतात, टाकणारा पुन्हा खेळतो.
2 – पिक टू. पुढच्याने दोन पाने उचलायची.
5 – पिक थ्री. पुढच्याने तीन उचलायची.
8 – सस्पेन्शन. पुढच्याची पाळी जाते.
14 – जनरल मार्केट. बाकी सगळ्यांनी एकेक उचलायचे.
20 – व्हॉट. कशावरही चालते आणि हवा तो आकार मागता येतो.

मोजून पाहिलेत तर 54 पैकी 27 पाने, म्हणजे बरोबर निम्मा कॅट, खास पानांचा आहे. म्हणून इथे नुसते जुळवत बसणारा हरतो. खास पाने साठवायची आणि शेवटी साखळीने उतरवायची. समजा दोघांचा डाव आहे, वर गोल 11 आहे आणि तुमच्या हातात गोल 1, चौकोन 1, चौकोन 7 एवढीच पाने आहेत. गोल 1 टाका, पाळी तुमचीच. त्यावर चौकोन 1, पुन्हा तुमचीच. मग चौकोन 7 आणि डाव संपला. समोरच्याला हात हलवायलाही मिळाला नाही. तेच चौकोन 1 आधीच कुठेतरी वापरून टाकले असते, तर गोलवरून चौकोनाकडे जायचा पूल तुटला असता. दोघांच्या डावात 8 सुद्धा असेच काम करते.

कोणते पान वर ठेवून पाळी सोडायची, हेही मोजता येते. 1, 2, 3, 5 आणि 7 हे आकडे पाचही आकारांत आहेत. 4 आणि 8 फक्त गोल, त्रिकोण आणि चांदणीत. 12 फक्त गोल आणि त्रिकोणात. त्यामुळे गोल 3 वर समोरच्याची 20 पाने चालू शकतात: 11 गोल, 4 इतर तिऱ्या आणि 5 व्हॉट. चांदणी 4 वर मात्र 13च. पाळी सोडताना पर्याय असेल तर चांदणी वर ठेवा. शिवाय मार्केट संपून डाव थांबला तर हातातल्या पानांची बेरीज होते, कमी बेरीज असणारा जिंकतो, आणि चांदणीचे गुण दुप्पट धरतात. चांदणी 8 म्हणजे तब्बल 16. डाव लांबतोय असे दिसले की चांदण्या आणि 20 आधी काढा.

20 टाकताना होणारी नेहमीची चूक म्हणजे समोरच्याकडे नसेल असा आकार मागणे, पण तो आपल्याकडेही नसणे. त्याने उचलले की पुढची पाळी तुमची, आणि तुम्हालाही मार्केटचीच वाट धरावी लागते. ज्या आकाराची किमान दोन पाने हातात आहेत तोच मागा.

घराघरांत नियम थोडे बदलतात, म्हणून ऑनलाइन डावात बसण्याआधी सेटिंगमध्ये किंवा नियमांच्या पानावर तीन गोष्टी बघून घ्या: 2 ला 2 ने उत्तर देता येते का, आले तर पाने साचत जातात का, आणि 14 नंतर टाकणारा पुन्हा खेळतो का. शेवटचे एक पान उरले की ‘लास्ट कार्ड’ म्हणायची प्रथा आहे. काही ॲपमध्ये हे आपोआप होते, काहींत बटण दाबावे लागते आणि विसरलात तर दंड बसतो.

व्हॉट हातात बसला की युगांडाचा मताटू जड जात नाही. कंपालाच्या कोला स्टुडिओजने तो फोनवर आणला. इथे आपला नेहमीचा 52 पानांचा कॅट असतो आणि प्रत्येकाला 7 पाने. दुर्री आली की पुढच्याने दोन उचलायची, अठ्ठी आणि गुलाम पाळी खातात, एक्का रंग बदलतो. वेगळी गोष्ट एकच, पण तीच सगळा डाव फिरवते: सुरुवातीला एक पान उघडे ठेवून ‘कापायचा’ रंग ठरतो. त्या रंगाची सत्ती कोणी टाकली की डाव तिथल्या तिथे थांबतो, दोघांचे गुण मोजतात आणि कमी गुणांचा जिंकतो. म्हणून जड पाने हातात धरून बसू नका. ती सत्ती तुमच्याकडे असेल तर मोठी पाने आधी उतरवा, समोरच्याने दोन-तीनदा उचलेपर्यंत थांबा आणि मग कापा.

आता खळग्यांचे खेळ. अदिस अबाबाच्या केने गेम्सने ‘गेबेटा’ केला, इथिओपियातला बिया पेरण्याचा खेळ. या कुळातले खेळ आफ्रिकाभर आहेत आणि नियम गावागणिक बदलतात. पाया पक्का करायला घानाचा ओवारे सर्वांत बरा, कारण त्याचे नियम आटोपशीर आहेत.

दोन रांगा, प्रत्येकी 6 खळगे, प्रत्येक खळग्यात 4 बिया, एकूण 48. आपल्या रांगेतला एक खळगा पूर्ण उचलायचा आणि घड्याळाच्या उलट दिशेने पुढच्या प्रत्येक खळग्यात एकेक बी टाकत जायचे. शेवटची बी समोरच्याच्या खळग्यात पडली आणि तिथे आता 2 किंवा 3 बिया झाल्या, तर त्या तुमच्या. लगेच मागच्या खळग्याकडे पाहा: तोही समोरच्याचा असेल आणि त्यातही 2 किंवा 3 असतील तर तोही तुमचा, आणि असेच मागे मागे. 25 बिया ज्याच्याकडे जमल्या तो जिंकला.

एक चाल नीट पाहू. तुमच्या पाचव्या खळग्यात 4 बिया आहेत. समोरच्याच्या पहिल्या तीन खळग्यांत अनुक्रमे 1, 2, 1. तुम्ही पाचवा उचललात: एक बी तुमच्या सहाव्यात, मग त्याच्या तिन्हींत एकेक. तिथे झाल्या 2, 3, 2. शेवटची बी तिसऱ्यात पडली, तिथून मागे मोजत तिन्ही खळगे तुमचे. एका चालीत 7 बिया.

म्हणजे आपल्या रांगेत 1 किंवा 2 बियांचे खळगे शेजारी शेजारी राहू देणे हीच मोठी चूक. नवखे खेळाडू फक्त स्वतःची पेरणी बघतात. प्रत्येक चालीआधी समोरच्याचा प्रत्येक खळगा कुठे जाऊन संपेल ते मोजायची सवय लावा. खळग्यात 12 किंवा जास्त बिया साठल्या असतील तर पूर्ण फेरी मारून येताना ज्या खळग्यातून निघालो तो वगळायचा. हे विसरले की हिशेब एका घराने चुकतो. समोरची रांग पूर्ण रिकामी असेल तर शक्य असल्यास तिथे बी पोहोचेल अशीच चाल करावी लागते. एखादा खळगा ॲपमध्ये दाबूनही हलत नसेल तर बिघाड समजू नका, आधी हा नियम आठवा.

खळग्यांचा कोणताही गेम उघडलात की चार गोष्टी तपासा: पेरणीची दिशा, बिया कधी जिंकायच्या, शेवटची बी भरलेल्या खळग्यात पडली तर पेरणी पुढे चालू राहते का, आणि शेवटी उरलेल्या बिया कोणाच्या.

केनेचाच ‘कुकुलू’ हा पळायचा गेम, शेतकऱ्याच्या तावडीतून सुटणाऱ्या कोंबडीचा. यात नजर कोंबडीवर नको, पडद्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा, अडथळे तिथून येतात. मालियोचा 2024चा ‘इवाजू: रायझिंग शेफ’ नायजेरियन पदार्थ रांधून वेळेत वाढायचा गेम आहे. एक ताट पूर्ण करून मग दुसरे घेण्यापेक्षा शिजायला वेळ लागणारी वस्तू आधी चढवा आणि मधल्या वेळेत झटपट होणारी उरका.

केपटाउनच्या फ्री लाइव्ह्जचा ‘टेरा निल’ 2023 मध्ये आला आणि नेटफ्लिक्सच्या सभासदांना फोनवरही मिळाला. ओसाड जमीन पुन्हा जिवंत करायची आणि शेवटी आपली सगळी यंत्रे मोडून नेऊन निघून जायचे. क्रम असा: खडकावर पवनचक्की, तिच्या टप्प्यात माती शुद्ध करणारे यंत्र, मग शुद्ध मातीवर पाणी देणारे. हिरवाई वाढली की झाडांची पाने (हेच इथले चलन) मिळतात आणि त्याच पानांवर पुढची यंत्रे येतात. सुरुवातीलाच पवनचक्क्यांवर पाने उडवली की पाणी द्यायला काही उरत नाही आणि डाव अडकतो. शुद्धीकरणाची वर्तुळे एकमेकांवर चढवू नका, कडेला कड लावा.

शोधताना गेमच्या नावापेक्षा स्टुडिओचे नाव तपासा, कारण व्हॉट नावाची ॲप ढीगभर आहेत. जुना गेम नव्या फोनवर दिसतच नसेल तर कारण बहुधा अँड्रॉइडचे असते: अँड्रॉइड 6च्या आधीच्या आवृत्तीसाठी बनवलेली आणि नंतर न सुधारलेली ॲप अँड्रॉइड 14 वर बसवू दिली जात नाहीत. अशा वेळी भलत्या साइटवरून एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल, उचलू नका. त्यात काय मिसळले आहे ते कळत नाही. घरातल्या जुन्या फोनवर प्ले स्टोअरमधूनच बघा. गेम मध्येच बंद पडत असेल तर स्टोअरच्या पानावर खाली निर्मात्याचा ईमेल असतो. फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि नेमक्या कोणत्या पडद्यावर गेम थांबला एवढे तीन मुद्दे लिहून पाठवा. छोट्या चमूला दुरुस्तीसाठी एका ताऱ्याच्या शेऱ्यापेक्षा हेच उपयोगी पडते.