गटाची अध्यक्ष झालात? मग आधी या चुका टाळा

आमच्या बचत गटात बैठकीला उशिरा येणारीला 10 रुपये दंड आहे. नियम माझाच. तीन महिन्यांनी सचिवानं दंडाचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. बहुतेक सगळ्यांची नावं होती, माझं एकदाही नव्हतं. मी वेळेवर जायचे म्हणून नव्हे. अध्यक्ष आल्याशिवाय बैठक सुरूच व्हायची नाही, मग मला उशीर होणार तरी कसा?

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव. दुपारी चारची बैठक म्हणजे साडेचार, हे सगळ्यांनी मनाशी धरलेलं, आणि ते माझ्याकडून शिकलेलं. आता चार वाजले की सचिव हजेरी घेते, अध्यक्ष असो नसो. पुढच्याच बैठकीला घेवड्याची काढणी लांबली आणि मला 10 रुपये भरावे लागले. बायका हसल्या. त्यानंतर मात्र सव्वाचारच्या पुढं कोणी येत नाही.

दुसरी चूक हप्त्याची. ‘उमेद’च्या, म्हणजे बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या, प्रशिक्षणात पंचसूत्री पाठ करून घेतात: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि वह्या वेळच्या वेळी लिहिणं. आपण ती दुसऱ्यांना म्हणून दाखवतो. गटाची परतफेड अडली की आधी कर्जाच्या वहीत स्वतःची ओळ बघा. “माझं काय, उद्या भरते” हे अध्यक्षानं एकदा म्हटलं की पुढच्या महिन्यात चार जणी म्हणतात. खरंच अडचण असेल तर आदल्या दिवशी सचिवाला सांगा, कधी भरणार ती तारीख द्या आणि ती कार्यवृत्तात लिहायला लावा. सासूबाईंच्या दवाखान्यापायी माझा हप्ता राहिला तेव्हा थकबाकीत माझं नाव सगळ्यात आधी वाचलं गेलं. कान गरम झाले, खोटं कशाला सांगू.

आम्ही रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेल्या. स्वावलंबन, स्वाभिमान, स्वाध्याय, स्वातंत्र्य हे चारही शब्द ‘स्व’पासून सुरू होतात, हे तेव्हा फक्त घोकण्यापुरतं होतं. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी ही संस्था काढली. पुढं साताऱ्याच्या बोर्डिंगमधल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. लोकांकडे मागायला जाण्याआधी घरातून काय गेलंय ते लोक बघत होते. आपला तर 200 रुपयांचा हप्ता!

बँकेची कामं एकटीनं ओढू नका. त्यात कष्ट कमी आणि दुसरीवर भरवसा न टाकता येण्याची खोड जास्त असते. आणि पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपवर सह्या घेऊन ठेवू नका, देऊही नका. “परत कुठं हेलपाटा घालायचा” म्हणून मीही घेतल्या होत्या. नंतर सगळ्यांसमोर फाडल्या.

शेवटची चूक रागाची, आणि ती मला सगळ्यात महागात पडली. एकीचे तीन हप्ते थकले होते. त्या दिवशी बँकेत माझं काम झालं नव्हतं, ऊन डोक्यावर, घरी वाद झालेला. तशीच तिच्या दारात गेले. अंगणात तिची जाऊ शेंगा फोडत बसलेली. तिच्यादेखत मी म्हटलं, “घेताना बरं लक्षात राहतं!” ती काही बोलली नाही. आत गेली, डब्यातून चुरगळलेल्या नोटा आणल्या आणि माझ्या हातावर मोजल्या. रक्कम पुरी भरली.

आता माझा नियम असा: वसुलीला एकटीनं जायचं नाही, डोकं तापलेलं असताना तर नाहीच, आणि पैशाचं बोलणं घरच्यांसमोर काढायचं नाही. ज्या दिवशी स्वतःचं काही बिनसलंय, त्या दिवशी सचिवाला पाठवायचं.

हप्ते थकलेल्या त्या बाईनं पुढच्या बैठकीत गट सोडला. बचत मोजून घेतली, अंगठ्याऐवजी सही केली, जी तिला आम्हीच शिकवलेली. गिरणीत भेटली की बोलते, पोरांची चौकशी करते. गटाचं नाव काढत नाही.