आंघोळीनंतरही कुत्र्याला वास येतोय? या चुका टाळा

आंघोळ घालून दोन दिवस होत नाहीत तोच कुत्र्याला कुबट वास यायला लागतो आणि घरोघरी पहिल्यांदा बदलला जातो तो शाम्पू. दोष त्याचा क्वचितच असतो. न विंचरलेले केस, अर्धवट निघालेला फेस आणि ओलीच राहिलेली आतली लव, वास बहुतेक वेळा या तिघांपैकी कुठून तरी येतो.

न विंचरता पाणी ओतणं. कोरडा गुंता बोटांनी सुटतो. तोच भिजला की आवळतो, त्यात फेस अडकतो आणि खालची कातडी वाळतच नाही. कानामागे, काखेत, मांडीच्या आत आणि शेपटीच्या मुळाशी आधी कंगवा फिरवा. तो न अडकता गेला तरच नळ सोडा. घट्ट बसलेल्या गुंत्याला कात्री लावू नका. गुंत्यासोबत कातडीही वर ओढली जाते आणि कापली जाते. तिथे ट्रिमर हवा.

सकाळी सातला, गीझरखाली. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा सकाळचा पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. त्या दिवसांत अकरा ते दोनची वेळ बरी. पाणी साधारण 37 अंश असावं, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला ना गरम, ना गार. गीझरचा नळ थेट अंगावर धरू नका, कारण पाणी अचानक कढत येऊ शकतं. बादलीत विसण घालून मगने ओता. बाथरूमच्या टाइल्सवर जुनं गोणपाट किंवा रबरी चटई अंथरा. आंघोळीला पाहून पळणाऱ्या बऱ्याच कुत्र्यांना भीती पाण्याची नसते, घसरण्याची असते.

डोक्यापासून सुरुवात. डोकं भिजलं की कुत्रं अंग झटकणारच. मानेपासून मागे भिजवत जा, चेहरा शेवटी ओल्या फडक्याने पुसा. गोचीड किंवा पिसवा असतील तर सर्वांत आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, नाहीतर पिसवा कोरड्या डोक्याकडे पळतात. कानात कापसाचा बोळा असा ठेवा की बाहेरून दिसेल आणि आठवणीने काढता येईल. कुत्र्याच्या कानाची नळी आत जाऊन वळते, तिथे गेलेलं पाणी सहज बाहेर येत नाही.

आपलाच शाम्पू, वर झाकणभर जंतुनाशक. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ आणि कमी आम्लधर्मी असते. आपल्या शाम्पूने ती कोरडी पडते, मग खाज सुटते. फरशी पुसायचं जंतुनाशक तर बादलीत अजिबात नको. कुत्र्याचा शाम्पूही थेट पाठीवर ओतला तर एकाच जागी साचतो. बाटलीवर वेगळं प्रमाण नसेल तर एक भाग शाम्पूला आठ-दहा भाग पाणी घ्या. औषधी शाम्पूचं गणित वेगळं. तो सहसा दहा मिनिटं अंगावर राहावा लागतो. घड्याळ लावा, अंदाजाची दहा मिनिटं प्रत्यक्षात तीनच भरतात. मानेवर गोचिडांचं औषध टाकलं असेल तर आधी आणि नंतर 48 तास आंघोळ नको.

फेस दिसेना, म्हणजे निघाला. इथे सर्वांत जास्त फसगत होते. लॅब्राडोरला शाम्पू लावायला एक बादली पुरते, काढायला दोन तरी लागतात. पोटाखालून ओघळणारं पाणी तळहातावर घ्या. दुधाळ दिसलं तर शाम्पू अजून आत आहे. केसांची बट चिमटीत धरून ओढा, बुळबुळीत लागली तर आणखी पाणी. काखा आणि पंजांच्या बोटांमधल्या जागा हमखास राहतात. दुसऱ्या दिवशी कुत्रं पंजे चाटत बसलं तर आधी तिथेच बघा.

वरवर पुसणं. जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन यांची वरची केसं तासाभरात वाळल्यासारखी दिसतात, आतली लव तशीच ओली असते. पावसाळ्यात हे जास्तच. टॉवेल घासू नका, दाबून पाणी टिपा. ड्रायर गार किंवा कोमट हवेवर, हातभर अंतरावर, सतत हलता ठेवा. मग केसं फाकवून मुळाशी हाताची मागची बाजू टेकवा. गारवा लागला तर काम संपलेलं नाही. या ओलीतूनच कुल्ल्यावर किंवा गालाखाली लाल, चिकट चट्टा उठतो. त्यावर हळद-तेल थापू नका, ओल आत कोंडते. भोवतालचे केस कापून डॉक्टरांना दाखवा.

नाशिकपुरतं सांगायचं तर रंगपंचमीला रहाडीच्या, म्हणजे रंगाच्या हौदाच्या, आसपास फिरून रंगलेलं कुत्रं आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग धुवा. ऑइलपेंट लागला असेल तर रॉकेल नको, तेवढे केस कापा. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्या सुरू असतात. कुत्रं फवारलेल्या बागेतून आलं तर त्याला अंग चाटू न देता हातमोजे घालून लगेच धुवा. लाळ गळणं किंवा थरथर दिसली तर आंघोळ राहू द्या, फवारलेल्या औषधाची बाटली घेऊन थेट दवाखाना गाठा.

इतकं करूनही वास येत असेल तर कानाला नाक लावा. आंबूस वास आणि तपकिरी मळ असेल तर कानात संसर्ग आहे. शेपटीकडून मासळीसारखा वास आणि ढुंगण फरशीवर घासणं असेल तर गुदग्रंथी भरल्या आहेत. त्या घरी दाबू नका. दोन्हीही शाम्पूने जात नाहीत.